न हलणाऱ्या आकड्याचा माग

व्हिडिओ गेममध्ये पैसे, गोळ्या किंवा जीव वाढवून घेण्याची एक जुनी, साधी रीत आहे. पडद्यावर ५०० नाणी दिसत असतील तर मेमरीत ५०० हा आकडा कुठे कुठे आहे ते आधी शोधायचं. शेकडो जागा निघतात. मग वीस नाणी खर्च करायची आणि त्या शेकडो जागांपैकी कुठे आता ४८० झालेत ते पाहायचं. दोन-तीन फेऱ्यांत एकच पत्ता हाती उरतो. चीट इंजिनसारखं मोफत साधन असेल तर शाळकरी पोरालाही हे जमतं. आकडा दिसत नसेल, नुसती पट्टी असेल, तरी अडत नाही. पट्टी घटली की ‘कमी झालेल्या जागा दाखव’, भरली की ‘वाढलेल्या दाखव’ असं विचारत गेलं की तोही सापडतो.

ही सगळी युक्ती हालचालीवर चालते. आणि नेमकी तिथेच ती तोकडी पडते, कारण खेळातले काही सर्वांत महत्त्वाचे आकडे कधी पडद्यावर येत नाहीत आणि जन्मभर बदलतही नाहीत. ‘न बदललेल्या जागा दाखव’ असं विचारलं तर जवळजवळ सगळी मेमरीच समोर येऊन उभी राहते.

पुण्यात विजेच्या मीटरचं फर्मवेअर लिहिणाऱ्या एका इंजिनिअर बाईला या आकड्यांचा नाद लागला तो तिच्या भाच्यामुळे. दोघं पोकेमॉन रेड खेळत होती. जपानमध्ये १९९६च्या फेब्रुवारीत ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या जोडीने आलेला हा गेम बॉयवरचा खेळ. त्याची इंग्रजी ‘रेड’ आणि ‘ब्लू’ ही जोडी अमेरिकेत १९९८ साली आली. दोघांनीही पहिला साथीदार म्हणून चारमँडर निवडला होता, दोन्ही पाचव्या लेव्हलचे. लढत लावली की मावशीचा चारमँडर दर वेळी आधी वार करी.

“मावशी, दोघंही सेमच आहेत ना गं? मग तुझाच आधी का?”

स्टेटसचा पडदा उघडून पाहिलं तर मावशीच्या चारमँडरचा स्पीड १३ होता, भाच्याच्या चारमँडरचा ११. जात तीच, लेव्हल तीच, आपसातल्या लढती सोडल्या तर दोघांनीही अजून एकही लढत जिंकलेली नव्हती. फरक कुठून आला हे खेळात कुठेही लिहिलेलं नाही.

खेळाडूंच्या बोलीत या फरकाला डीव्ही म्हणतात. प्रत्येक पोकेमॉन जन्माला येतो तेव्हा त्याच्या अटॅक, डिफेन्स, स्पीड आणि स्पेशल या चार गुणांसाठी शून्य ते पंधरा यांमधला एकेक आकडा यदृच्छेने ठरतो. पुढे तो कितीही लढला, वाढला, उत्क्रांत झाला तरी हे चार आकडे तेच राहतात. दिसणारा स्पीड किंवा अटॅक हा त्यांच्यापासून काढलेला हिशेब असतो. पाचव्या लेव्हलला, लढायांतून काहीही कमावलेलं नसताना, तो हिशेब फार सोपा होतो: जातीच्या मूळ आकड्यात डीव्ही मिळवायचा, दहाने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि पाच मिळवायचे. चारमँडरच्या जातीचा मूळ स्पीड ६५. डीव्ही ० ते ४ असेल तर स्पीड ११ येतो, ५ ते १४ असेल तर १२, आणि १३ यायचा असेल तर डीव्ही १५च हवा. म्हणजे मेमरीला हात लावण्याआधीच मावशीला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली: आपल्या चारमँडरचा स्पीडचा डीव्ही १५ आहे. भाच्याचा चारपेक्षा जास्त नाही. बाकीच्या गुणांबद्दल मात्र दिसणारा आकडा इतकं बोलत नाही. अटॅक ११ आहे, यावरून डीव्ही ८ ते १५ यांपैकी काहीतरी आहे एवढंच कळतं. खालच्या लेव्हलला हा भागाकार इतका भरड असतो की सोळातले बहुतेक फरक त्याच्या चाळणीतून निसटून जातात.

तिने स्वतःच्या कार्ट्रिजमधून रॉमची प्रत उतरवून घेतली आणि बीजीबी या एम्युलेटरमध्ये खेळ चालू केला. हा एम्युलेटर तिला आवडतो तो त्यातल्या डीबगरसाठी. चालत्या खेळाला कुठेही थांबवता येतं, मेमरीतला प्रत्येक बाइट वाचता येतो, बदलताही येतो. गेम बॉयची कामाची रॅम अवघी ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट. आजच्या संगणकापुढे ही जागा नगण्य आहे. पण ज्याची व्हॅल्यू माहीत नाही आणि जे हलत नाही असं काही शोधायचं असेल तर आठ हजार घरांची गल्लीही पुरेशी लांब असते.

म्हणून तिने डीव्ही शोधलेच नाहीत. तिने शोधले त्यांचे शेजारी. पडद्यावर पाच आकडे दिसत होते: एचपी १९, अटॅक ११, डिफेन्स १०, स्पीड १३, स्पेशल १०. हेक्समध्ये लिहिले तर १३, ०बी, ०ए, ०डी, ०ए. प्रत्येक आकड्याला दोन बाइट आणि त्यांत मोठा बाइट आधी, असं धरून तिने अख्खी ओळ शोधायला दिली: ०० १३ ०० ०बी ०० ०ए ०० ०डी ०० ०ए. गेम बॉयचा प्रोसेसर एरवी लहान बाइट आधी ठेवतो. या खेळाच्या कर्त्यांनी हे आकडे मात्र उलट्या क्रमाने मांडलेत, आणि हे ध्यानात घेतलं नाही तर शोध कोराच परततो.

ओळ दोन ठिकाणी सापडली. एक होती स्टेटसचा पडदा उघडताना केलेली तात्पुरती प्रत. दुसरी खरी.

खऱ्या ओळीपासून मागे मागे वाचत ती नोंदीच्या सुरुवातीला पोचली, डी१६बी या पत्त्यावर. तिथून पुढचे बाइट असे: बी० ०० १३ ०५ ०० १४ १४ २डी ०ए २डी ०० ००. हे वाचणं म्हणजे तिचं रोजचं काम, आणि त्यात तिला मनापासून रस आहे. बी० म्हणजे १७६, हा चारमँडरचा खेळाच्या पोटातला क्रमांक. पोकेडेक्समध्ये तो चौथा असला तरी आतली यादी वेगळी आहे आणि तिथे पहिला मान ऱ्हायडनचा. पुढे सध्याचा एचपी १९. मग लेव्हल ५. मग तब्येत, ठणठणीत असल्याने शून्य. १४ दोनदा, म्हणजे आग हा प्रकार दोन्ही खान्यांत. २डी म्हणजे ४५, हा जातीचा पकडण्याचा दर. योगायोगाने ग्राउल या चालीचा क्रमांकही ४५, म्हणून एक बाइट सोडून पुन्हा २डी. मधला ०ए म्हणजे स्क्रॅच. उरलेल्या दोन चाली रिकाम्या. त्यापुढे मालकाचा आयडी, जो स्टेटसच्या पडद्यावर दिसतोच. मग तीन बाइट अनुभवाचे, ०० ०० ८७, म्हणजे पाचव्या लेव्हलला बरोबर लागतात तेवढे १३५ गुण. मग एका रांगेत दहा शून्यं. लढायांतून होणारी कमाई इथे साठते आणि अजून काहीच झालेली नव्हती.

आणि मग ए७ एफ२.

त्यापुढे पुन्हा ओळखीचा मुलूख: २३ आणि २८, म्हणजे स्क्रॅच ३५ वेळा आणि ग्राउल ४० वेळा वापरता येईल. पुन्हा लेव्हल. आणि शेवटी तीच पाच दिसणाऱ्या गुणांची ओळ. एकूण ४४ बाइट. प्रत्येकाचा हिशेब लागला, दोन सोडून. डी१८६ आणि डी१८७ या पत्त्यांवरचे दोन बाइट पडद्यावरच्या कुठल्याही गोष्टीशी जुळत नव्हते.

या रीतीत एक शिस्त आहे, आणि घाई करणाऱ्यांच्या हातून नेमकी तीच सुटते. हवा तो आकडा सापडत नसेल तर त्याच्या भोवतालचं सगळं ओळखून काढायचं. जे ओळखता येत नाही ते आपोआप उघडं पडतं. ए७ एफ२ यातला प्रत्येक हेक्स अंक चार बिटांचा, म्हणजे शून्य ते पंधरा. ए म्हणजे १०, मग ७, एफ म्हणजे १५, मग २. तिसऱ्या जागेवर १५ आहे आणि स्पीडचा डीव्ही १५ असल्याचं हिशेबाने आधीच सांगितलं होतं. बाकीचेही पडताळले: अटॅकचा मूळ आकडा ५२, त्यात १० मिळवून ६२, म्हणून ११. डिफेन्सचा ४३ आणि ७ मिळून ५०, म्हणून १०. स्पेशलचा ५० आणि २ मिळून ५२, म्हणून १०. सगळं चोख जुळलं. पण पाच गुणांपैकी चारांचेच आकडे इथे होते. एचपीचा पाचवा डीव्ही कुठे?

तो प्रश्न बाजूला ठेवून मावशीने दुसरा पुरावा मिळवला. नुसतं जुळणं तिला पुरत नाही, मीटरच्या कामातही पुरत नाही. गावाबाहेरच्या गवतातून तिने दोन पिजी पकडले, दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे. चारमँडरच्या कमाईची शून्यं शून्यच राहावीत म्हणून प्रतिस्पर्ध्याशी झालेली पहिली सक्तीची लढत ती मुद्दाम हरली होती आणि वाटेतल्या जंगली पोकेमॉनपासून तिने पळच काढला होता. दोन पिजींच्या नोंदी शेजारीशेजारी मांडल्या. जात, प्रकार, पकडण्याचा दर, चाल, मालक, अनुभव, सगळं एकसारखं. दिसणारे पाचही गुणसुद्धा एकसारखे, कारण तिसऱ्या लेव्हलला भागाकार आणखी भरड असतो. सध्याचा एचपी वेगळा, कारण पकडताना एकाला जास्त मार बसलेला. आणि ते दोन बाइट वेगळे. स्टेटसच्या पडद्यावर जे दोन पक्षी अगदी जुळे दिसत होते ते आतून वेगळे होते, आणि आयुष्यभर वेगळेच राहणार होते.

मग खरी कसोटी. चारमँडरच्या त्या दोन बाइटांत तिने ०० ०० लिहिलं. स्टेटस उघडलं तर काहीच बदललं नाही. भाचा हिरमुसला, पण हे असंच व्हायला हवं होतं. दिसणारे गुण एकदा काढून नोंदीच्या शेवटी लिहून ठेवलेले असतात. खेळ ते पुन्हा काढत नाही तोवर जुनेच दिसणार. पुन्हा काढायला लावण्याची सोपी तऱ्हा म्हणजे पोकेमॉन पीसीच्या बॉक्समध्ये ठेवायचा आणि परत घ्यायचा. बॉक्समधली नोंद ४४ नाही, ३३ बाइटांची असते. गळतात ते शेवटचे अकरा: लेव्हलचा एक आणि पाच गुणांचे दहा. कार्ट्रिजच्या सेव्हमध्ये जागा कमी, म्हणून जे हिशेबाने पुन्हा काढता येतं ते साठवायचंच नाही, असा तो काटकसरीचा विचार. जे पुन्हा काढता येत नाही ते मात्र जपावंच लागतं, आणि डीव्हीचे दोन बाइट त्या ३३मध्ये आहेत. चारमँडर बॉक्समधून परत आला तेव्हा त्याचे गुण होते १८, १०, ९, ११, १०. एकट्या स्पेशलला धक्का लागला नाही, बाकी सगळे उतरले. तेच बाइट एफएफ एफएफ करून पुन्हा फेरी मारली तर २०, ११, १०, १३, ११. कागदावर मांडलेल्या प्रत्येक आकड्याशी तंतोतंत.

एचपीही हलला होता, म्हणजे त्याचा डीव्हीही याच दोन बाइटांत दडलेला होता. तो कसा, हे खेळाच्या प्रोग्रॅमनेच सांगितलं. मावशीने मूळचे ए७ एफ२ परत लिहिले, डी१८६वर वाचनाचा ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे कोणीही तो बाइट वाचायला आलं की खेळ जागीच थांबेल, आणि चारमँडरला एक लेव्हल वर नेलं. खेळ थांबला. समोर गुण मोजणारा कोड उघडा पडला. अटॅकसाठी तो बाइटची दोन अर्धुकं उलटवतो आणि खालचे चार बिट ठेवतो. डिफेन्ससाठी नुसते खालचे चार. एचपीसाठी मात्र तो अटॅकचा शेवटचा एकच बिट घेतो आणि तीनदा डावीकडे सरकवतो, म्हणजे आठपट करतो. डिफेन्सचा शेवटचा बिट दोनदा सरकवतो. स्पीडचा एकदा. स्पेशलचा आहे तसा. चौघांची बेरीज म्हणजे एचपीचा डीव्ही. १०, ७, १५, २ यांचे शेवटचे बिट ०, १, १, ०. म्हणून चार अधिक दोन, सहा. चारमँडरचा मूळ एचपी ३९, त्यात ६ मिळवून ४५, दहाने भागून ४, पाचव्या लेव्हलचे १५ मिळवून १९. पाचवा आकडा कुठेच साठवलेला नव्हता. तो बाकीच्या चौघांच्या शेपटांतून विणलेला होता.

सोळा बिटांत पाच गुण बसवण्याची ही कारागिरी पाहून मावशी हरखून गेली, आणि त्यात नवल नाही. तिच्या मीटरच्या कामातही प्रत्येक नगाला असेच जन्मजात आकडे असतात. करंट आणि व्होल्टेज मोजणारे घटक दोन मीटरांत कधीच हुबेहूब सारखे नसतात, म्हणून कारखान्यात प्रत्येक मीटर प्रमाण मीटरशी ताडून पाहतात आणि दुरुस्तीचे गुणक त्याच्या कायमच्या मेमरीत लिहून ठेवतात. ग्राहकाला दिसतात ती फक्त युनिटं. मीटर पुढे आयुष्यभर त्याच गुणकांनी गुणत राहतो. एखादा मीटर चुकीचं मोजतोय अशी शंका आली की त्या गुणकांपाशीच पोचावं लागतं, आणि तेही पडद्यावर कुठे दिसत नाहीत. दिवसा जे डोळे मीटरचा मेमरी डंप वाचतात त्यांनाच रात्री डी१८६ दिसला.

आणखी एक पडताळा तिला फुकटात मिळाला. जंगली पोकेमॉनचे दोन बाइट यदृच्छेने येतात, पण खेळातल्या इतर ट्रेनरांच्या पोकेमॉनला खेळ नेहमी ठरावीक बाइट देतो: ९८ ८८. म्हणजे अटॅक ९, बाकी सगळे ८. अटॅक विषम असल्यामुळे शेवटचे बिट १, ०, ०, ० होतात आणि एचपीचा डीव्हीही ८ निघतो. पाचही गुण मध्यावर. कुठल्याही ट्रेनरशी लढत लावून मेमरीत ९८ ८८ शोधलं की शत्रूच्या नोंदीतली डीव्हीची जागा लगेच हाती येते. ज्या गुणाची व्हॅल्यू माहीत नाही त्यासाठी, ज्याची माहीत आहे असा नमुना खेळातच शोधणं, ही युक्ती कुठल्याही खेळात चालते.

खेळाच्या पोटात हात घालण्याचा हा धंदा पोकेमॉनपेक्षा जुना आहे. १९८०च्या दशकात ब्रिटनमधली संगणक-मासिकं स्पेक्ट्रम या संगणकाच्या खेळांसाठी ‘पोक’ छापत, म्हणजे अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहा आणि अमर व्हा. निन्टेन्डोसाठी गेम जिनी आली. ती कार्ट्रिज आणि यंत्र यांच्यामध्ये बसे आणि रॉममधून येणारा बाइट वाटेतच बदलून देई. अॅक्शन रिप्ले मात्र रॅममध्ये लिहीत असे. गेम जिनीवरून निन्टेन्डो आणि लुईस गलूब टॉइज ही कंपनी यांच्यात कोर्टात वाद झाला. १९९२ साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल गलूबच्या बाजूने दिला. हे वापरल्याने मूळ खेळावरून नवी कलाकृती तयार होत नाही, असं न्यायालयाने धरलं.

रॉम आणि रॅम हा फरक इथे कळीचा आहे. डीव्ही हा एकेका पोकेमॉनचा, म्हणून तो रॅममध्ये आणि सेव्हमध्ये राहतो. जातीचे मूळ आकडे सगळ्या चारमँडरांना सामाईक, म्हणून ते रॉममध्ये कोरलेले. दर जातीला २८ बाइटांची नोंद. भाच्याला आधी वाटलं होतं की मावशीचा चारमँडर जोरकस घावही जास्त वेळा घालत असेल. तसं नाही. पहिल्या पिढीत जोरकस घावाची शक्यता जातीच्या मूळ स्पीडवर ठरते, डीव्हीवर नाही. साध्या चालीसाठी ६५ची निमपट ३२, दर २५६मध्ये. दोघांचीही सारखीच, साडेबारा टक्के.

रॉममधल्या नोंदी शोधायला मावशीने म्यू निवडला, कारण त्याचे पाचही मूळ आकडे शंभर आहेत. शंभर म्हणजे हेक्समध्ये ६४. पुढे त्याचा क्रमांक १५१, म्हणजे ९७. शोधायची ओळ: ९७ ६४ ६४ ६४ ६४ ६४. ती लगेच सापडली, पण बाकीच्या दीडशे जातींच्या रांगेत नाही, रॉमच्या वेगळ्याच बँकेत एकटी. म्यूची कहाणी खेळाडूंना पाठ असते: काम संपत आल्यावर डीबगची साधनं काढून टाकली, थोडी जागा मोकळी झाली आणि शिगेकी मोरिमोतो यांनी तेवढ्या जागेत म्यू बसवला. रांग सोडून एकटीच पडलेली ती नोंद पाहिली की शेवटच्या घटकेची ती लगबग अजूनही जाणवते. नंतरच्या ‘यलो’ या आवृत्तीत मात्र म्यूला रांगेत जागा मिळाली.

याच मोरिमोतोंनी सांगितलेली आणखी एक हकीकत मावशीला फार प्रिय आहे. ‘पोकेमॉन स्टेडियम’साठी लढतीचा सगळा हिशेब नव्या यंत्रावर न्यायचा होता. सातोरू इवाता तेव्हा एचएएल लॅबोरेटरीचे अध्यक्ष होते. त्यांनी गेम बॉयचा कोड स्वतः वाचून तो आठवडाभरात तिकडे नेला. दुसऱ्याचा कोड वाचून समजून घेणं हे किती कष्टाचं काम आहे ते ती रोज अनुभवते, आणि म्हणून या माणसाबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो.

१९९९च्या नोव्हेंबरात ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले तेव्हा त्या दोन बाइटांचं भाग्य उजळलं. जुने पोकेमॉन नव्या खेळात पाठवता यावेत असं ठरलं होतं, त्यामुळे डीव्हींची मोडतोड करता येणार नव्हती. नव्या बऱ्याच गोष्टी जुन्याच बाइटांतून काढल्या गेल्या. नर की मादी, हे अटॅकच्या डीव्हीवरून. झळाळत्या रंगाचा, म्हणजे शायनी, होण्यासाठी डिफेन्स, स्पीड आणि स्पेशल तिघेही १० हवेत आणि अटॅक आठ ठरावीक आकड्यांपैकी एक; शक्यता ८,१९२ मध्ये एक. अनओन या पोकेमॉनचं अक्षरही तिथूनच. म्हणजे १९९६ साली पकडलेला एखादा पोकेमॉन शायनी होता, आणि हे तीन वर्षं कुणालाच दिसत नव्हतं. पकडण्याच्या दराचा तो निरुपयोगी बाइटसुद्धा कामाला लागला: नव्या खेळात गेल्यावर तोच बाइट पोकेमॉनच्या हातातली वस्तू म्हणून वाचला जातो. ‘यलो’मधल्या पहिल्या पिकाचूच्या तिथे १६३ आहे, आणि पलीकडे पोचल्यावर त्याच्या हातात लाइट बॉल असतो.

आजच्या खेळांत हे सगळं अवघड झालंय. फुटबॉल मॅनेजरमध्ये खेळाडूची एकूण कुवत आणि तो कुठवर पोचू शकेल ती मर्यादा, हे दोनशेपैकीचे आकडे पडद्यावर येत नाहीत. सातत्य आणि दुखापतीची ओढ हेही येत नाहीत. तिथे गीगाबाइटांची मेमरी असते आणि दर वेळी पत्ते बदलतात, म्हणून एका खेळाडूची नोंद सापडली की दोन-चार खेळाडूंच्या नोंदी शेजारी लावून खान्यागणिक ताडत बसावं लागतं. रीत मात्र दोन पिजींचीच. ऑनलाइन खेळांत मावशी यातलं काहीही करत नाही आणि भाच्यालाही करू देत नाही. समोर दुसरा माणूस प्रामाणिकपणे खेळत असतो.

भाच्याने मग ‘रूबी’ पुढे केला, २००२ सालचा, गेम बॉय अॅडव्हान्सवरचा. इथे आकडे शून्य ते एकतीस झाले, त्यांना आयव्ही म्हणू लागले, आणि नोंद कुलूपबंद झाली. शंभर बाइटांपैकी ८० कायमचे, त्यातले ४८ सांकेतिक. ते चार गटांत विभागलेले, आणि गटांचा क्रम प्रत्येक पोकेमॉनला वेगळा, चोवीस शक्यतांपैकी एक. एखादा बाइट नुसता बदलला की बेरजेचा ताळा चुकतो आणि पोकेमॉनचं बिघडलेलं अंडं होतं. दोन नोंदी शेजारी ठेवून ताडण्याची युक्ती इथे लंगडी पडते, कारण प्रत्येकाची किल्ली निराळी.

मावशीने नुकताच पकडलेला तिसऱ्या लेव्हलचा झिगझॅगून घेतला आणि ते ४८ बाइट चार-चारच्या बारा शब्दांत मांडले. त्यांत तीन शब्द एका रांगेत हुबेहूब सारखे होते. तिने भाच्याला विचारलं, नुकत्याच पकडलेल्या पोकेमॉनच्या नोंदीत लागोपाठ बारा बाइट शून्य कुठे असतील? लढायांची कमाई आणि स्पर्धांचे गुण, दोन्ही अजून शून्य, आणि तो अख्खा गट बारा बाइटांचा. प्रत्येक शब्द एकाच किल्लीशी एक्सऑर केलेला असतो, आणि शून्याशी एक्सऑर केलं की किल्लीच बाहेर येते. ते तीन सारखे शब्द म्हणजे उघडी पडलेली किल्ली होती. नोंदीच्या सुरुवातीचे दोन शब्द, पोकेमॉनचा स्वतःचा क्रमांक आणि मालकाचा आयडी, एकमेकांशी एक्सऑर केले. तोच आकडा आला.

तोच शब्द आणखी दोन ठिकाणीही दिसला. एक आपल्या गटात मधला: तो चालींचा गट, कारण या झिगझॅगूनला दोनच चाली येत होत्या आणि तिसऱ्या-चौथ्याची जागा रिकामी होती. दुसरा आपल्या गटात शेवटचा: तिथे रिबनी नोंदतात, आणि त्याला अजून एकही मिळालेली नव्हती. रिबनींच्या लगेच आधीचा शब्द तोच, ज्यात सहा आयव्ही पाच-पाच बिटांत दाटून बसवलेले असतात आणि उरलेले दोन बिट अंडं आणि क्षमता सांगतात. भाच्याने वहीत तो शब्द बत्तीस बिटांत लिहिला, किल्ली त्याच्याखाली लिहिली, बिटामागून बिट एक्सऑर केलं आणि उजवीकडून पाच-पाचचे तुकडे पाडायला घेतले: एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पीड, मग दोन्ही स्पेशल.